तिजोरीच्या दोन किल्ल्या

परवा माझी भाची घरी आली होती. हिंजवडीच्या एका कंपनीत ती नोकरी करते. हाताखाली आठ-नऊ जणांची टीम आहे. तिच्या मामीने खास तिच्यासाठी अळूवड्या केल्या होत्या. पण पान वाढल्यापासून तिचा फोन तीनदा थरथरला आणि तिन्ही वेळा ती हात धुऊन गॅलरीत गेली. तिसऱ्यांदा परत आली तेव्हा वरणभात गार झाला होता आणि तिचा चेहराही उतरला होता.

"मामा, आमच्या टीममध्ये एक मुलगा आहे," ती म्हणाली. "खूप हुशार होता. गेल्या तीन महिन्यांत पार मिटून गेलाय. रात्री दोन-दोन वाजता मेसेज करतो. झोप लागत नाही म्हणतो, काही जमत नाही म्हणतो. मी उत्तर दिलं नाही तर मला झोप लागत नाही, आणि उत्तर देत बसले तरी लागत नाही."

"त्याचं कामही तूच करतेस का?" मी विचारले.

ती दचकली. "तुला कसं कळलं?"

मला कळले, कारण १९९६ साली मी हेच केले होते. तेव्हा ना मोबाइल होता ना मेसेज. पण एखाद्याच्या दुःखाला हात द्यायला जावे आणि आपणच त्यात ओढले जावे, यासाठी यंत्र थोडेच लागते? ती हकिगत मी तिला त्या रात्री सांगितली. तीच आज इथे सांगतो. ज्याची ती आहे, त्याला फोन करून विचारले. "लिही. नाव तेवढं घालू नकोस," तो म्हणाला. म्हणून नाव नाही, गावाचेही नाही.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची शाखा होती. मी तिथे अकाउंटंट आणि तो हेड कॅशियर. बँकेत न राहिलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. शाखेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. तिला दोन किल्ल्या लागतात, आणि त्या दोघांकडे असतात. एक कॅशियरकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघांनी आपापली किल्ली फिरवल्याशिवाय दार हलत नाही. एकाने दुसऱ्याची किल्ली आपल्याकडे ठेवायची नाही, अगदी जिवलग मित्र असला तरी. रोज सकाळी आम्ही दोघे मिळून स्ट्राँग रूम उघडायचो, संध्याकाळी रोकड मोजून, रजिस्टरवर सह्या करून, मिळून बंद करायचो. अशा दोन माणसांची मैत्री न होईल तरच नवल.

त्या वर्षी गणपतीनंतर त्याचे काहीतरी बिनसले. पहिल्यांदा लक्षात आले ते त्याच्या मोजण्यावरून. तेव्हा नोटांची बंडले टाचून ठेवत असत आणि हा माणूस ती अशी मोजायचा की पत्ते पिसल्यासारखा आवाज येई. तो आवाज मंदावला. मध्येच थांबायचा, पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. चार वाजता जुळणारी रोकड साडेसहा वाजले तरी जुळेना. मग एके दिवशी पाचशे रुपये कमी भरले. नियमाप्रमाणे कॅशियरने तूट भरून द्यायची. त्याने दिली. पंधरा दिवसांनी हजार रुपये कमी आले. त्यातले निम्मे मी माझ्या खिशातून घातले आणि त्याला म्हणालो, "कुणाला सांगू नकोस. होतं असं."

हा माझा पहिला चुकीचा शब्द. तेव्हा मला तो दिलासा वाटला होता.

पुढचे पाच महिने मी काय काय केले त्याची यादी आज केली, तर माझी मलाच गंमत वाटते. तो उशिरा आला तर मस्टरवर लाल खूण पडू नये म्हणून मी मॅनेजरसाहेबांना बोलण्यात गुंतवून ठेवत असे. त्याची बंडले मी पुन्हा मोजत असे. रात्री नऊच्या सुमारास तो माझ्या घरी येई आणि बारा-साडेबारापर्यंत बसे. बोले थोडे, बसे फार. मी बोलत असे. काय बोलत असे? जे सगळे बोलतात तेच. मन घट्ट कर. पहाटे फिरायला जात जा. तुला काय कमी आहे? सोन्यासारखी बायको आहे, दोन मुलं आहेत. एवढी सोन्यासारखी माणसे असूनही आपल्याला काहीच वाटत नाही, हेच त्याचे दुःख होते आणि प्रत्येक वेळी मी त्याच जागी बोट ठेवत होतो. हे मला फार उशिरा समजले.

माझ्या घरी काय चालले होते? मुलगी चौथीत होती, फेब्रुवारीत तिची शिष्यवृत्तीची परीक्षा होती. गणितातली बुद्धिमत्तेची कोडी मी तिच्याकडून सोडवून घ्यायची, असे ठरले होते. कादंबरीची वही जानेवारीपासून उघडली नव्हती. बायकोने महिनाभर काही म्हटले नाही. मग एका रात्री तो गेल्यावर, त्याच्यापुढचा चहाचा कप उचलता उचलता ती म्हणाली, "त्यांना बरं वाटावं म्हणून तुम्ही बसता, हे कळतं मला. पण पाच महिन्यांत त्यांना बरं वाटलेलं दिसत नाही. तुम्हाला मात्र कुणाला तरी आपली फार गरज आहे याचं बरं वाटायला लागलंय."

मला राग आला. खरे बोलणाऱ्याचा येतो तसा राग. कारण ते खरे होते. "त्याला माझ्याशिवाय कुणी नाही" हे वाक्य मी मनात इतक्या वेळा म्हटले होते की त्यातली गोडी मला लागली होती. त्याला त्याची बायको होती, थोरला भाऊ होता, शाखेत चौदा माणसे होती. त्यातल्या कुणालाही मी कळू दिले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

फेब्रुवारी १९९७ मधला एक सोमवार. बाजाराचा दिवस. दहा वाजता शाखेबाहेर पेन्शनर, व्यापारी, दुधाच्या सोसायट्यांची माणसे यांची रांग लागलेली. माझी किल्ली माझ्या हातात. दुसरी किल्ली आलीच नाही. साडेदहा झाले, पावणेअकरा झाले. तिजोरी बंद. काउंटरवर गलका सुरू झाला. मॅनेजरसाहेबांनी शेजारच्या गावच्या शाखेतून जीपने रोकड आणवली आणि कसाबसा व्यवहार सुरू केला. मी आमच्या शिपायाला घेऊन त्याच्या घरी गेलो. वहिनी दारातच होत्या. "ते आठलाच निघाले बँकेत," त्या म्हणाल्या आणि माझा चेहरा पाहून दाराची चौकट धरून खाली बसल्या.

तो सापडला एसटी स्टँडवर. शेवटच्या बाकावर, डबा मांडीवर ठेवून, उजव्या हाताची मूठ घट्ट मिटून. मुठीत तिजोरीची किल्ली. तीन तास तो तिथे बसला होता. "तुला किल्ली द्यायला यायचं होतं," तो म्हणाला, "पण उठताच येईना रे." बाकी काहीच नाही. किल्ली इतकी घट्ट धरली होती की तळहातावर तिचे दाते उमटले होते.

त्याला घरी आणले. वहिनींना मी सगळे सांगितले: मोजणी, तूट, रात्रीची बसणी. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी एकच विचारले, "भाऊजी, तुम्हाला पाच महिने माहीत होतं?"

या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते. आजही नाही.

दोन दिवसांनी त्याचा भाऊ, वहिनी आणि मी त्याला घेऊन पुण्याला एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरांनी त्याच्याशी तासभर बोलून निदान सांगितले: डिप्रेशन, नैराश्याचा आजार. गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही जास्त लागतात. बरे वाटू लागले की लोक आपल्या मनानेच औषध बंद करतात, तसे करायचे नाही. बरे वाटल्यावरही ते काही महिने चालू ठेवावे लागते, असे त्यांनी बजावले. निघताना मी अपराधी मनाने त्यांना विचारले, "मी काय करू?" ते म्हणाले, "तुम्ही त्याचे मित्र आहात ना? मग मित्रच राहा. औषध मी देतो, घर त्याची बायको बघते, ऑफिस तुमचे मॅनेजर बघतील. तुम्ही एकटे तिघांचं काम करत होतात. म्हणून तिघांपैकी कुणालाच ते करता आलं नाही."

परतीच्या एसटीत मला तिजोरी आठवली. पाच महिने मी दोन्ही किल्ल्या माझ्याच खिशात घेऊन हिंडत होतो.

आमचे मॅनेजरसाहेब कडक म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्यापासून मी हे लपवले ते त्याच भीतीने. पण सगळे ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे मला ऑक्टोबरात सांगितलं असतं तर मी ऑक्टोबरात काहीतरी केलं असतं." त्यांनी त्याची वैद्यकीय रजा रीतसर मंजूर केली. सहा आठवड्यांनी तो परत आला, तेव्हा त्याला बोलावून विचारले, "कॅश नको वाटत असेल तर काही दिवस क्लिअरिंगला बसता का?" विचारले; परस्पर बदलले नाही. तो क्लिअरिंगला बसला. काम बेताचे, पण खरे काम. दयेने दिलेले रिकामे टेबल नव्हे.

शाखेत एक लेजर-क्लार्क बाई होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. त्यांनी त्याच्याशी आजाराबद्दल एक शब्दही कधी काढला नाही. रोज अकरा वाजता त्याच्या टेबलावर चहा ठेवायच्या आणि विचारायच्या, "आज किती चेक आलेत?" तो सांगायचा, "बेचाळीस." बस्स. नंतर अनेक वर्षांनी तो मला म्हणाला, "तुझ्या रात्रीच्या गप्पांतलं मला काही आठवत नाही. ताईंचा चहा आठवतो." मला थोडे लागले, पण मी हसलो.

हे सारे ऐकून भाची म्हणाली, "म्हणजे मी आता त्याला उत्तरच द्यायचं नाही?"

तसे नव्हे. दार लावून घेणे ही मर्यादा नव्हे, ती पाठ फिरवणे झाले. मर्यादा म्हणजे आपली किल्ली कोणती ते ओळखणे. त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोललो. त्यातले चार मुद्दे कचेरीत काम करणाऱ्या कुणाच्याही उपयोगी पडतील असे वाटते.

पहिला मुद्दा, विचारायचे, पण एकांतात आणि साध्या शब्दांत. "तुला डिप्रेशन आलंय का?" असे निदान आपण करू नये. "हल्ली तू जेवायला येत नाहीस, कामात चुका होताहेत, बरं आहे ना?" असे दिसले तेवढे बोलावे. आणि मग गप्प बसावे. आपल्या लोकांना सल्ला देण्याची घाई फार. समोरच्याचे वाक्य संपायच्या आत आपण त्याला प्राणायाम सांगून मोकळे होतो.

दुसरा मुद्दा, आपल्याला काय जमेल ते आधीच सांगायचे. "रात्री दहानंतर मी फोन बघत नाही, पण उद्या अकरा वाजता अर्धा तास तुझ्यासाठी ठेवलाय" असे सांगणे निष्ठुरपणाचे नाही. उलट, अकरा वाजता कुणीतरी नक्की भेटणार आहे, हा भरवसा रात्री दोनच्या चार ओळींपेक्षा मोठा असतो. कबूल केलेला अर्धा तास मात्र चुकवायचा नाही.

तिसरा मुद्दा, त्याचे काम गुपचूप आपण करायचे नाही. एखाद्या दिवशी हातभार लावणे वेगळे आणि महिनोन् महिने झाकणे वेगळे. झाकलेल्या कामामुळे तो ठीक आहे असा वरिष्ठांचा समज होतो, घरच्यांचा होतो, कधी त्याचा स्वतःचाही होतो. उपचार तेवढे लांबतात. त्याला म्हणावे, "साहेबांशी बोलू या. हवं तर मी बरोबर येते." जायचे त्याने, आपण बरोबर. पैशाची उसनवारी तर शक्यतो टाळावीच. देणेकऱ्याला मित्राशी मोकळेपणाने बोलता येत नाही.

चौथा मुद्दा गुपिताचा. त्याने विश्वासाने सांगितलेले चहाच्या टेबलावर जाता कामा नये. फक्त एका बाबतीत हे वचन द्यायचे नाही. जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलेच बरे, अशी भाषा कानावर आली तर सरळ विचारावे की, जीव देण्याचा विचार मनात येतो का? विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, असे तज्ज्ञ सांगतात. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे, डॉक्टरांपर्यंत न्यावे. तिथे गुपित राखणे म्हणजे मैत्री नव्हे. एसटी स्टँडच्या त्या बाकावर किल्लीऐवजी दुसरे काही घडले असते तर, हा विचार मी आजही पुरता करू शकत नाही.

आमच्या वेळी यातले काहीच कुणी सांगत नव्हते. आज पुष्कळ सोयी झाल्या आहेत. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली, तेव्हा तालुक्याच्या गावात 'मनाचा डॉक्टर' हा शब्दही दबक्या आवाजात उच्चारला जाई. २०१७ साली मानसिक आरोग्यसेवा कायदा झाला आणि २९ मे २०१८ पासून तो लागू झाला. आजाराची गुप्तता राखली जाण्याचा हक्क या कायद्याने रुग्णाला दिला आहे आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे असेही म्हटले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. भाचीने तो क्रमांक तिथल्या तिथे फोनमध्ये नोंदवून घेतला. रात्री दोन वाजता तिच्यापेक्षा या क्रमांकाचा उपयोग त्या मुलाला अधिक होईल.

तरी वाट अजून लांब आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत शंभर प्रौढांपैकी साधारण दहांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर असल्याचे दिसले. म्हणजे चौदा माणसांच्या आमच्यासारख्या शाखेत असा एखादा तरी असणारच, आणि बहुधा तो डॉक्टरकडे गेलेला नसणार.

आणखी एक गोष्ट भाचीला सांगितली नाही, पण इथे सांगतो. सगळा भार सहकाऱ्यांच्या चांगुलपणावर टाकून मालकांनी आणि वरिष्ठांनी मोकळे होऊ नये. नैराश्य आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, असा जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांचा अंदाज आहे. २०२२ साली आरोग्य संघटनेने यावर मार्गदर्शक सूचना काढल्या. कामाची रचना सुधारणे, वरिष्ठांना प्रशिक्षण देणे, आजारातून परतणाऱ्याला कामात नीट सामावून घेणे, हे सगळे त्यांत आहे. आमच्या मॅनेजरसाहेबांनी ते कुठल्याही सूचनेशिवाय केले होते. पण प्रत्येक कचेरीला असे साहेब लाभतातच असे नाही. म्हणून नियम लागतात. रात्री अकराला टार्गेटचे आकडे मागायचे आणि वर्षातून एकदा ताणमुक्तीचे व्याख्यान ठेवायचे, याला उपाय म्हणत नाहीत.

भाचीने गेल्या आठवड्यात फोन केला. तो मुलगा तिच्याबरोबर त्यांच्या साहेबांना भेटला. पुढच्या मंगळवारी डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. आईला घेऊन जाणार आहे. "मी नाही जात बरोबर," ती म्हणाली आणि क्षणभर थांबून, "बरोबर आहे ना, मामा?" मी म्हणालो, "बरोबर आहे. आल्यावर चहा पाज."

आमच्या हेड कॅशियरचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. वर्षभर तो क्लिअरिंगला होता. औषध डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे कमी करत करत बंद झाले. १९९८ च्या दिवाळीनंतर त्याने स्वतःच मॅनेजरसाहेबांना सांगितले की, मला कॅशला बसायचे आहे. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. तो प्रश्न मला विचारलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पावणेदहालाच आला. किल्ल्यांचे रजिस्टर पुढे ओढले, तारीख घातली, सही केली. मी खाली माझी सही केली. मग आम्ही दोघे स्ट्राँग रूमकडे गेलो. आधी त्याने आपली किल्ली फिरवली, मग मी माझी.